वीज जाऊन आली की व्हर्च्युअल सेट सरकतो : दोष कुठे शोधावा आणि कोणत्या क्रमाने

बेळगाव शहरापासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंतच्या सीमाभागात स्थानिक बातमीपत्रे काढणाऱ्या लहान स्टुडिओंना व्हर्च्युअल सेट (हिरव्या भिंतीच्या जागी संगणकाने काढलेला सेट) सोयीचा वाटतो, याचे कारण समजण्यासारखे आहे. जुन्या गोदामाची किंवा उद्यमबागेतल्या एखाद्या रिकाम्या शेडची एक भिंत आणि जमीन हिरवी रंगवली, की त्याच जागेवर आधी मराठी आणि पाठोपाठ कन्नड बातमीपत्र करता येते, निवडणुकीत मतदारसंघांचा आराखडा आणि पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचा नकाशा निवेदकाच्या पायाशी उलगडता येतो, आणि सुतारकामाचा खर्च व सामान ठेवण्याची जागा दोन्ही वाचतात. मात्र या सोयीबरोबर एक दुखणे येते आणि ते बरे झाले असे वाटेपर्यंत पुन्हा उलटते. त्या एकाच दुखण्याविषयी येथे लिहीत आहे.

वीज जाते, जनरेटर सुरू होतो, यंत्रे पुन्हा चालू केली जातात, आणि बातमीपत्र सुरू झाल्यावर पॅनलवर बसलेल्याच्या लक्षात येते की कॅमेरा वळू लागला की निवेदिका सेटवर उभी न राहता सेटवरून घसरते. टेबलाची खरी कड आणि तिला जोडून काढलेली व्हर्च्युअल कड एकमेकींपासून सुटतात, आणि कॅमेरा थांबला तरी मागची भिंत क्षणभर उशिरा थांबते. मग कोणीतरी रात्री बसून लेन्सचे कॅलिब्रेशन (लेन्सची मापे यंत्रणेत भरणे) नव्याने करतो, चित्र जागेवर आल्यासारखे दिसते, आणि पुढच्या वेळी वीज गेली की तेच सारे पहिल्यापासून. कोयनेतून विसर्ग वाढलेला असतो, सदलग्याच्या किंवा यडूरच्या बाजूला पाणी कुठपर्यंत आले हे लोकांना तातडीने जाणून घ्यायचे असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वादळी पावसाने वीज वारंवार जाते. जमिनीवर पसरलेल्या नकाशात कल्लोळ-यडूर पुलावर ठेवलेले निवेदकाचे बोट कॅमेरा वळताच नदीच्या दुसऱ्या काठावर दिसू लागले, तर तो केवळ सौंदर्याचा दोष राहत नाही, प्रेक्षकाला चुकीची जागा दाखवल्यासारखे होते. म्हणून हा दोष वरवर झाकून चालवू नये, असे मला मनापासून वाटते.

माझे म्हणणे असे आहे की वीज आल्यानंतर दिसणारे हे सरकणे बहुतेक वेळा लेन्सच्या कॅलिब्रेशनमुळे नसते. ते वेळेच्या गोंधळामुळे असते किंवा कॅमेऱ्याच्या शून्यबिंदूच्या, म्हणजे जेथून त्याचे वळणे मोजले जाते त्या बिंदूच्या, गोंधळामुळे असते. कॅलिब्रेशनला हात लावला की हा गोंधळ तात्पुरता झाकला जातो आणि मूळचे बरोबर असलेले आकडे मात्र कायमचे बिघडतात.

यंत्रणा काय गृहीत धरून चालते

व्हर्च्युअल सेटमध्ये दोन वेगळ्या वाटांनी माहिती येते. कॅमेऱ्याचे चित्र एसडीआय या व्हिडिओच्या केबलने येते, तर कॅमेरा त्या क्षणी कुठे आहे, किती वळला आहे, झूम आणि फोकस किती आहे ही माहिती ट्रॅकिंगच्या यंत्रणेकडून बहुधा नेटवर्कच्या केबलने येते. ग्राफिक्स इंजिन, म्हणजे सेट काढणारा संगणक, दुसऱ्या माहितीवरून सेटचे चित्र रंगवते, कीअर पहिल्या चित्रातला हिरवा रंग काढून टाकतो, आणि दोन्ही एकत्र होतात. ही जोडणी खरी दिसण्यासाठी कॅमेऱ्याचे चित्र आणि कॅमेऱ्याची स्थिती एकाच क्षणाची असली पाहिजे, आणि अडचण येथेच आहे. ट्रॅकिंगसाठी सर्रास वापरला जाणारा फ्री-डी हा संकेत बीबीसीच्या संशोधन विभागातील कामातून पुढे आला. त्याचा नेहमीचा संदेश २९ बाइटचा असतो आणि त्यात कॅमेऱ्याचा क्रमांक, तीन कोन, तीन अंतरे, झूम आणि फोकस एवढे सारे असते, परंतु ही स्थिती कोणत्या क्षणाची आहे हे सांगणारी वेळेची ठरलेली नोंद त्यात नसते. त्यामुळे संदेश आला तो ठरावीक उशिराने आला असे इंजिन गृहीत धरते आणि आपण सेटिंगमध्ये भरून ठेवलेल्या डिलेच्या, म्हणजे मुद्दाम द्यायच्या उशिराच्या, आकड्यानुसार दोन्ही वाटा जुळवते. वीज जाऊन आल्यावर कोणत्याही एका वाटेवरचा उशीर बदलला, की तो जुना आकडा खोटा ठरतो, आणि याची सूचना कोणतेही यंत्र देत नाही.

हे किती नुकसान करते ते हिशेबाने पाहावे. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कॅमेरा सेकंदाला १० अंशांच्या साध्या गतीने वळत असेल, तर एका फ्रेममध्ये तो ०.४ अंश वळतो. लेन्स ४० अंशांचा आडवा आवाका दाखवत असेल आणि चित्र १९२० पिक्सेल रुंद असेल, तर एका फ्रेमच्या फरकाने सेट सुमारे १९ पिक्सेल सरकतो. झूम करून आवाका १० अंशांवर आणला आणि गती तीच ठेवली, तर तेच सरकणे सुमारे ७७ पिक्सेलांचे होते. झूममध्ये दोष वाढलेला पाहून अनेकजण लेन्सवर संशय घेतात, पण वेळेचा दोषदेखील झूमबरोबर असाच वाढतो, हे या हिशेबातून ध्यानात येईल.

आधी सरकण्याची जात ओळखावी

निवेदक जेथे उभा राहतो तेथे एक सरळ काठी किंवा लाइटचा उभा स्टँड ठेवावा आणि सेटच्या फाइलमध्ये मापाने त्याच जागी एक बारीक उभी रेघ ठेवावी. कॅमेरा स्थिर असताना काठी आणि रेघ एकमेकींवर बसली पाहिजेत. मग कॅमेरा झटकन वळवावा, अचानक थांबवावा, आणि हे सगळे रेकॉर्ड करून नंतर फ्रेम-फ्रेमने पाहावे. नुसत्या डोळ्यांनी मॉनिटरवर पाहून निर्णय घेऊ नये, कारण एका फ्रेमचा फरक जाणवतो खरा, पण तो पुढे आहे की मागे हे डोळ्यांना सांगता येत नाही.

काठी आणि रेघ स्थिर असताना जुळतात, वळताना सुटतात आणि थांबल्यावर पुन्हा जुळतात, असे असेल तर दोष वेळेचा आहे आणि कॅलिब्रेशनला अजिबात हात लावू नये. स्थिर असतानाही त्या ठरावीक अंतराने बाजूला असतील आणि वळल्यावरही ते अंतर जवळपास तेवढेच राहत असेल, तर शून्यबिंदू हलला आहे. वाइड शॉटमध्ये जुळतात, झूम केल्यावर स्थिर असतानाही सुटतात, असे असेल तरच लेन्सच्या आकड्यांकडे वळावे. कॅमेऱ्याला कोणी हात लावलेला नसताना रेघ हळूहळू वाहत जात असेल किंवा थरथरत असेल, तर ट्रॅकिंगचा सेन्सर, छतावरच्या खुणा किंवा कॅमेरा हेडची यांत्रिक ढिलाई यांपैकी एखादे कारण असते. आपल्या भागातील पावसाळी दमट हवेत छतावर चिकटवलेले परावर्तक स्टिकर सुटतात, आणि लाइट सरकवताना त्यांच्यासमोर एखादा बार येतो, म्हणून ऑप्टिकल ट्रॅकिंग (खुणा पाहून स्थिती ओळखणारे) असणाऱ्यांनी या कामाची सुरुवात वर पाहून करावी.

एक प्रकार मात्र फसवा असतो. बातमीपत्राच्या सुरुवातीला सेट नीट बसलेला असतो, मध्यंतरानंतर रेंगाळू लागतो आणि पुढे कधीतरी आपोआप सुधारतो. असे दिसले तर इतर काहीही तपासण्याआधी रेफरन्स तपासावा.

रेफरन्स, म्हणजे जेनलॉक

स्टुडिओतील कॅमेरे, स्विचर (कोणता कॅमेरा दाखवायचा ते निवडणारे यंत्र), ग्राफिक्स इंजिन आणि ट्रॅकिंग यांनी फ्रेमची सुरुवात एकाच ठोक्यावर करावी यासाठी सिंक जनरेटर असतो. त्याचा ठोका देणारा सिग्नल (ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल), म्हणजेच रेफरन्स, प्रत्येक यंत्राला पोचला पाहिजे. हा सिग्नल मिळाला नाही तर यंत्रे बंद पडत नाहीत, प्रत्येक यंत्र आपल्या अंतर्गत घड्याळावर चालू लागते आणि चित्र वरकरणी अगदी व्यवस्थित दिसते, म्हणूनच हा दोष लपून राहतो. दोन घड्याळांत दहा लाखांत १० भाग एवढा किरकोळ फरक असला, तरी ४,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे १ तास ७ मिनिटांत, एका पूर्ण फ्रेमची तफावत साठते. मग इंजिनच्या किंवा स्विचरच्या इनपुटवरील फ्रेम सिंक्रोनायझर एक फ्रेम गाळतो किंवा एक दोनदा दाखवतो आणि पुन्हा नव्याने मोजणी सुरू होते. बातमीपत्राच्या मध्यावर सेट बिघडणे आणि आपोआप सुधारणे याचा उलगडा असा होतो. येथे हाताने डिलेचा आकडा बदलत बसणे व्यर्थ आहे, कारण आपण ज्याला जुळवतो ते स्वतःच हलत असते.

वीज गेल्यावर जेनलॉक, म्हणजे यंत्रांचे त्या ठोक्याला धरून राहणे, सुटण्याची कारणे साधी असतात. बऱ्याच लहान स्टुडिओंमध्ये संगणक यूपीएसवर असतात, पण सिंक जनरेटर आकाराने लहान आणि रॅकच्या मागे असल्याने साध्या बोर्डावर राहून गेलेला असतो. यंत्रे त्याच्याआधी सुरू झाली, तर काही कॅमेरे आणि स्विचर रेफरन्स मिळत नाही असे पाहून अंतर्गत घड्याळावर जातात, आणि नंतर सिग्नल आला तरी सेटिंगनुसार तिथेच राहू शकतात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या कंट्रोल युनिटवर, स्विचरच्या मेन्यूत आणि इंजिनच्या व्हिडिओ कार्डाच्या पानावर रेफरन्स लॉक झाल्याची खूण असते. वीज आल्यावर सर्वांत आधी ती पाहावी. संगणक सुरू झाला आणि सेट दिसू लागला, एवढ्यावर समाधान मानू नये.

लॉक येतो-जातो असे होत असेल तर केबलची जोडणी पाहावी. एकाच केबलवर टी-कनेक्टर लावून सिग्नल यंत्रामागून यंत्राला नेला असेल, तर फक्त शेवटच्या यंत्रावर ७५ ओहमचे टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा रोध) असले पाहिजे. टर्मिनेशन मुळीच नसेल तर सिग्नलची पातळी दुप्पट होते, आणि दोन ठिकाणी असेल तर ती दोन-तृतीयांशावर येते. ब्लॅक बर्स्टमधील सिंकचा भाग ३०० मिलिव्होल्टचा अपेक्षित असताना तो २०० च्या आसपास आला, तर काही यंत्रे त्याला धरून राहतात आणि काही मध्येच सोडतात. कोणी नवा कॅमेरा जोडताना वाटेतल्या यंत्राचे अंतर्गत टर्मिनेशन चालू ठेवले असेल, तर ही गडबड वर्षभर तशीच राहू शकते. शक्य असेल तर टी-कनेक्टरची साखळी मोडून डिस्ट्रिब्यूशन अँप्लिफायर (एक सिग्नल अनेक वाटांनी देणारे यंत्र) लावावा आणि प्रत्येक यंत्राला स्वतंत्र केबल द्यावी. या कामावर होणारा खर्च मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

ट्रॅकिंगच्या यंत्राला रेफरन्स जोडलेला आहे का, हे वेगळे पाहावे. कॅमेरा आणि इंजिन लॉक आहेत पण ट्रॅकिंगचा डबा आपल्या मनाने सेकंदाला ५० वेळा मोजतो आहे, अशी अर्धवट जोडणी झाली की प्रत्येक मोजणीचा क्षण चित्राच्या तुलनेत सरकत राहतो.

डिलेचा आकडा कसा ठरवावा

सर्व यंत्रे लॉक झाल्याची खात्री झाल्यावरच डिले मोजावा. वर सांगितलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा थांबतो तो क्षण पकडावा. काठी आधी थांबली आणि रेघ नंतर, तर ट्रॅकिंगची माहिती उशिरा पोचते आहे, आणि कॅमेऱ्याचे चित्र तेवढ्या फ्रेमने रोखावे लागेल. रेघ आधी थांबली तर उलट करावे, म्हणजे ट्रॅकिंग रोखावे. उशीर वाढवता येतो, कमी करता येत नाही, त्यामुळे जी वाट हळू आहे तिच्यासाठी दुसरीला थांबवणे एवढाच उपाय हातात असतो. १०८०-आय ५० मध्ये, म्हणजे फ्रेम दोन फील्डांत विभागणाऱ्या पद्धतीत, काम करणाऱ्यांनी फ्रेमऐवजी फील्ड मोजावेत, कारण एक फील्ड २० मिलिसेकंदांचा असतो आणि अर्ध्या फ्रेमची तफावतदेखील झूममध्ये ठळक दिसते.

आकडा मिळाला की तो कुठे साठवला जातो हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे, आणि दोन भाषांत काम करणाऱ्या आपल्या स्टुडिओंना याचा फटका विशेष बसतो. मराठी बातमीपत्र संपते, कन्नड बातमीपत्राची फाइल उघडली जाते, टेबल, रंग आणि मजकुराच्या पट्ट्या बदलतात, आणि त्याबरोबर काही प्रणालींत डिले आणि कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशनही त्या फाइलमधले लागू होते. मराठीच्या फाइलमध्ये सुधारलेला आकडा कन्नडच्या फाइलमध्ये जुनाच राहिलेला असतो. कन्नड बातमीपत्रात सेट सरकतो म्हणून तेथील सहकारी आपल्या फाइलमध्ये वेगळा आकडा घालतात, दुसऱ्या दिवशी कोणी त्या फाइलची प्रत काढून मराठीचे नवे टेम्प्लेट बनवतो, आणि आता दोन्हींपैकी कोणता आकडा खरा हे कोणालाच सांगता येत नाही. डिले, लेन्सची फाइल आणि कॅमेऱ्याचा शून्यबिंदू हे यंत्राच्या पातळीवर एकाच जागी ठेवावेत, सेटच्या फाइलमध्ये ठेवू नयेत. प्रणाली तसे करू देत नसेल तर दोन्ही बातमीपत्रांच्या तंत्रज्ञांनी एकत्र बसून एकदा आकडे ठरवावेत आणि बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा. हे मोजमाप दोघांचे एकच आहे, कारण कॅमेरा एकच आहे.

नेटवर्कचा मुद्दा थोडक्यात सांगतो. ट्रॅकिंगचे संदेश ज्या स्विचमधून जातात त्याच स्विचवरून वार्ताहरांचे व्हिडिओ उतरवून घेतले जात असतील, तर संदेश कधी वेळेवर आणि कधी उशिरा येतात आणि सेट हिसके देतो. ट्रॅकिंगसाठी वेगळा छोटा स्विच, स्थिर आयपी पत्ते आणि इंटरनेटशी कोणताही संबंध नाही, एवढे केले की हा प्रश्न सहसा उरत नाही.

शून्यबिंदू हरवणे

पॅन (आडवे वळणे) आणि टिल्ट (वर-खाली झुकणे) मोजणारे एन्कोडर दोन प्रकारचे असतात. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरला वीज आल्यावरही आपण कोणत्या कोनात आहोत हे माहीत असते. इन्क्रिमेंटल एन्कोडर मात्र सुरू झाल्यापासून किती हललो एवढेच मोजतो, त्यामुळे वीज गेलेली असताना कॅमेऱ्याला धक्का लागला किंवा कोणी तो बाजूला वळवला, तर त्याचा हिशेब त्याच्याकडे राहत नाही. अशा हेडला प्रत्येक वेळी सुरू करताना शून्यावर आणावे लागते. त्यासाठी समोरच्या भिंतीवर, हिरव्या रंगाच्या बाहेर, एक पक्की खूण करावी, कॅमेरा पूर्ण झूम करून चित्राच्या मध्यावरच्या फुलीत ती खूण धरावी आणि मग रीसेट द्यावा. वाइड शॉटमध्ये अंदाजाने केलेला रीसेट अर्ध्या अंशाने सहज चुकतो, आणि १० अंशांच्या आवाक्यात अर्धा अंश म्हणजे ९६ पिक्सेल होतात.

लेन्सवर बाहेरून बसवलेल्या झूम आणि फोकसच्या एन्कोडरांपैकी बऱ्याचशांना सुरू झाल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा फिरवावे लागते. ते केले नाही तर इंजिन झूमचा भलताच आकडा धरते, सेट खऱ्या चित्रापेक्षा जवळ किंवा दूर दिसतो, आणि लेन्सची फाइल बिघडली असा समज होतो. कॅलिब्रेशन अकारण पुन्हा केले जाते ते बहुधा याच समजातून.

दिसते सरकणे, पण दोष असतो कीचा (हिरवा रंग काढण्याचा)

काठीची परीक्षा निर्दोष निघाली आणि तरीही निवेदक तरंगत असल्यासारखा वाटत असेल, तर पायाकडे पाहावे. माणूस जमिनीवर उभा आहे हे आपल्या डोळ्यांना पायाखालच्या सावलीवरून कळते. हिरव्या जमिनीवरचे डाग आणि सुरकुत्या घालवण्यासाठी कीअर इतका कसून लावला जातो की ती सावलीही पुसली जाते, आणि मग ट्रॅकिंग कितीही अचूक असले तरी पाय अधांतरी दिसतात. अशा वेळी जमीन पुन्हा रंगवावी, प्रकाश सारखा करावा आणि कीअर सैल करावा. सावली टिकवणे हा माझ्या मते कीचा पहिला निकष असावा, केसांची कड त्यानंतर पाहावी.

जनरेटरवर असताना कडा थरथरतात, तीही वेगळी बाब आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या साध्या दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि १/५० सेकंदाच्या शटरमध्ये त्याची दोन पूर्ण आवर्तने बसतात, म्हणून प्रत्येक फ्रेमला सारखाच प्रकाश मिळतो. जनरेटरची वारंवारता भारानुसार खाली-वर झाली, की हे गणित मोडते, हिरव्या भिंतीची उजळी फ्रेमगणिक बदलते आणि कीची कड श्वास घेतल्यासारखी हलते. कॅमेरा पूर्ण स्थिर असतानाही ही हालचाल दिसते, हीच तिची ओळख. स्थिर विद्युतप्रवाहावर चालणारे चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी दिवे घेणे आणि निदान भिंतीचे दिवे यूपीएसवर ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. भिंतीवरची उजळी वेव्हफॉर्म मॉनिटरवर (उजळीचा आलेख दाखवणाऱ्या) साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आणि एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ पट्ट्यासारखी दिसावी, निवेदक भिंतीपासून निदान २ ते ३ मीटर पुढे असावा, आणि कॅमेऱ्यातील कृत्रिम तीक्ष्णता बंद ठेवावी, कारण ती कडेभोवती एक खोटी रेघ उमटवते व कीअर तिलाच कड समजतो.

पोशाखाविषयी एक गोष्ट आवर्जून लिहितो, कारण ती आपल्याकडे दरवर्षी येते. श्रावणात, हळदीकुंकवाच्या दिवसांत आणि लग्न झाल्यानंतर निवेदिकांच्या हातात हिरवा चुडा असतो. हिरव्या भिंतीसमोर त्या बांगड्यांच्या जागी सेट दिसू लागतो, आणि हात हलला की मनगटापाशी सेटचे तुकडे सरकताना दिसतात. प्रेक्षक त्यालाही सेट हलतो असेच म्हणतात. निवेदिकेला बांगड्या काढायला सांगणे मला योग्य वाटत नाही. मराठी घरात त्या चुड्याला काय मान आहे हे आपण सारे जाणतो. त्याऐवजी निळा पडदा तयार ठेवावा, किंवा टेबलाच्या पार्श्वभूमीवरच हात दिसेल अशी चौकट घेऊन त्या भागाला कीअरमध्ये मास्क लावावा, म्हणजे तेथला हिरवा रंग काढला जाणार नाही. हिरवा रंग सर्वत्र वापरला जातो तो बहुतेक कॅमेरा सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात आणि एचडी चित्राच्या उजळीत हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के असतो म्हणून. निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के असल्याने निळ्या पडद्याला अधिक प्रकाश द्यावा लागेल आणि चित्रातला नॉइज (दाणेदारपणा) थोडा वाढेल, पण चांगल्या प्रकाशात रंगाचा तपशील अधिक ठेवणाऱ्या १० बिट ४:२:२ सिग्नलवर उत्तम की मिळते. शहापूर-वडगावच्या मागावरच्या किंवा इरकली साडीच्या चकचकीत काठावर भिंतीचा हिरवा रंग परावर्तित होतो, त्याला मात्र अंतर वाढवणे आणि मागून पांढरा प्रकाश देणे एवढे पुरते.

आवाज

चित्र रोखले की आवाजही तेवढाच रोखावा लागतो. चित्र ४ फ्रेम थांबवले असेल तर आवाज १६० मिलिसेकंद थांबवावा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला फरक जाणवू लागतो, आणि मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांनंतर. डिलेचा आकडा बदलून ऑडिओ मिक्सरवरचा आकडा तसाच ठेवला, तर एक दोष घालवताना दुसरा आपणच निर्माण करतो. निवेदकाच्या कानात मात्र उशिराचा आवाज जाऊ देऊ नये. त्याला रोखण्यापूर्वीचा मिक्स द्यावा, अन्यथा त्याचे बोलणे अडखळते. नकाशाकडे बोट दाखवण्यासाठी त्याला जो मॉनिटर दिला जातो त्यावर चित्र उशिरानेच दिसणार, म्हणून जमिनीवर हिरव्याच रंगाच्या किंचित गडद छटेत गावांच्या जागा दाखवणाऱ्या खुणा केल्या, तर निवेदक मॉनिटरवर विसंबून राहत नाही आणि निपाणी, संकेश्वर, अथणी यांच्या जागी बोट अचूक जाते.

विजेची आणि सुरू करण्याची व्यवस्था

सिंक जनरेटर, ट्रॅकिंगचे यंत्र व त्याचा नेटवर्क स्विच, कॅमेरा कंट्रोल युनिट, ग्राफिक्स इंजिन आणि स्विचर हे सारे एकाच ऑनलाइन प्रकारच्या (वीज जाताना जराही खंड न पडू देणाऱ्या) यूपीएसवर घ्यावेत. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस वीज बदलताना काही मिलिसेकंद घेतो, आणि तेवढ्यात एखादे यंत्र तग धरते आणि दुसरे रीस्टार्ट होते, असा अर्धवट प्रकार सर्वांत जास्त त्रास देतो. यूपीएसची क्षमता कमी असेल तर दिवे किंवा मॉनिटर बाहेर ठेवावेत, पण सिंक जनरेटर कधीही बाहेर ठेवू नये. त्याचा वीजवापर इतका थोडा असतो की त्याला वगळून काही वाचत नाही.

तरीही सारे बंद पडलेच, तर आधी सिंक जनरेटर चालू करावा आणि तो स्थिरावू द्यावा, मग कॅमेरे, मग ट्रॅकिंग, आणि इंजिन सर्वांत शेवटी. कॅमेरा खुणेवर आणून शून्य द्यावे, झूम आणि फोकस टोकापासून टोकापर्यंत फिरवावेत, रेफरन्सच्या सर्व खुणा पाहाव्यात आणि काठीसमोर एकदा कॅमेरा वळवून रेकॉर्डिंग पाहावे. बातमीपत्र दारात उभे असताना एवढा वेळ मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी पहिला भाग स्थिर शॉटवर काढावा आणि हलता शॉट तपासणी होईपर्यंत घेऊ नये, कारण स्थिर शॉटमध्ये वेळेचा दोष दिसतच नाही. हा क्रम मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून रॅकवर लावावा, म्हणजे त्या रात्री जो कोणी ड्यूटीवर असेल त्याला तो पाळता येईल.

एवढे करूनही काठी आणि रेघ वळताना सुटत असतील, तर पुरवठादाराच्या तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी तीन गोष्टी जमा कराव्यात: झटक्याने थांबवलेल्या पॅनचे मूळ दर्जाचे रेकॉर्डिंग, त्याच वेळी ट्रॅकिंगच्या यंत्राने पाठवलेल्या संदेशांची नोंद, आणि प्रत्येक यंत्रावरच्या रेफरन्सच्या पानाचा फोटो. संदेशांच्या नोंदीत दोन संदेशांमधले अंतर सारखे दिसत असेल तर दोष इंजिनच्या बाजूला शोधावा लागतो आणि असमान दिसत असेल तर ट्रॅकिंगच्या किंवा नेटवर्कच्या बाजूला. ही विभागणी आपल्या हाती असली की पुण्याहून किंवा बेंगळुरूहून येणारा तंत्रज्ञ सोबत कोणते सुटे भाग आणायचे हे निघण्यापूर्वीच ठरवू शकतो.